दाराशी आलेला प्रश्न

(दादरच्या एका व्याख्यानमालेतल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. लोकलच्या डब्यात, दाराच्या वरच्या पत्र्यावर चिकटवलेली ती जाहिरात तुम्ही सगळ्यांनी वाचलेली आहे. वाचली नाही असं दाखवत असलात तरी वाचलेली आहे. 'गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज', खाली मोबाइल नंबर, आणि अर्धा कागद कुणीतरी नखाने खरवडून काढलेला. माझं काम त्यातल्या पहिल्या शब्दाशी आहे. रोगाकडे बघायला डॉक्टर आहेत, प्रयोगशाळा आहेत. गुप्त काय आहे आणि कुणापासून, हे शोधायला आमच्यासारख्यांना नेमतात.

मी मुंबईतल्या समलैंगिक आणि उभयलैंगिक पुरुषांच्या मुलाखती घेते. एचआयव्ही आणि लैंगिक संबंधांतून पसरणारे बाकीचे आजार कसे टाळता येतील, या संशोधनासाठी. बाई आहे, मग पुरुष माझ्याशी बोलतात का, हे मला दर वेळी विचारलं जातं. बोलतात. 'ताई' म्हणतात आणि बोलतात. पुष्कळदा पुरुषापेक्षा मोकळेपणाने, कारण मी त्यांच्या स्टेशनवर त्यांना पुन्हा कधी भेटणार नसते.

सुरुवातीची एक फजिती सांगते. आमचा पहिला फॉर्म इंग्रजीत झाला होता आणि मग कुणीतरी त्याचं मराठी केलं होतं. त्यात प्रश्न होता, 'आपण उभयलिंगी आहात का?' समोर एक तरुण, बहुतेक बारावी सायन्स झालेला. तो गडबडला आणि म्हणाला, "म्हणजे गांडुळासारखं?" त्याचं बरोबर होतं. शाळेच्या पुस्तकात गांडूळ उभयलिंगी असतं, जास्वंदीचं फूल उभयलिंगी असतं. माणसाबद्दल विचारायचं असेल तर 'उभयलैंगिक' म्हणावं लागतं, आणि तोही शब्द वाकोल्याच्या किंवा भांडुपच्या चाळीत कुणी वापरत नाही. तिथे लोक संबंधात घेणाऱ्याला 'कोथी' म्हणतात, देणाऱ्याला 'पंथी' म्हणतात, दोन्ही करणाऱ्याला 'डबल डेकर' म्हणतात, आणि लग्न झालेला, अधूनमधून पुरुषाकडे जाणारा माणूस तर स्वतःला काहीच म्हणत नाही. म्हणून आरोग्य खात्याच्या कागदावर 'एमएसएम' आलं, म्हणजे पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष. तू कोण आहेस ते विचारू नका, काय करतोस तेवढं विचारा. विषाणूलाही तेवढंच लागतं.

आता आकडे. २०१७च्या सरकारी पाहणीत देशातल्या प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण ०.२२ टक्के होतं, आणि एमएसएम गटात २.६९ टक्के. बारापट. याचं एक कारण शरीरात आहे. गुदमार्गाचं आतलं अस्तर पेशींच्या एकाच थराचं, नाजूक असतं, योनीमार्गाचं अनेक थरांचं असतं. तिथून विषाणूला आत शिरणं सोपं जातं. पण २.६९ हा आकडा येतो कुठून तेही बघा. संस्थांच्या प्रकल्पांत ज्यांची नोंद आहे, त्यांच्यातून तो येतो. ज्याच्यापर्यंत कार्यकर्ता पोचला, ज्याने कंडोम घेतले, तो. अंधेरीत नोकरी करणारा, पूल-बागेसारख्या भेटीच्या जागी कधी न गेलेला, फोनवरून भेटी ठरवणारा माणूस त्यात नाही. पूर्वी आमचे कार्यकर्ते संध्याकाळी स्टेशनच्या पुलावर, बागेत उभे राहायचे आणि माणसं भेटायची. आता ते उभे राहतात आणि मोबाइलमध्ये बघत बसतात, कारण माणसं तिथे गेली आहेत.

अशा लपलेल्या लोकांपर्यंत पोचायची एक पद्धत १९९७ साली डग्लस हेकॅथॉर्न या समाजशास्त्रज्ञाने मांडली. काही जणांपासून सुरुवात करायची. प्रत्येकाला, समजा, तीन कुपनं द्यायची. त्याने ती आपल्या ओळखीच्यांना द्यायची, ते आले की त्यांना पुन्हा तीन. प्रत्येकाला विचारायचं, तू अशा किती पुरुषांना ओळखतोस? फार ओळखी असलेला माणूस नमुन्यात सहज येतो, म्हणून हिशोबात त्याचं वजन कमी करायचं. कागदावर सुरेख आहे. मुंबईत काय झालं? "किती जणांना ओळखतोस?" "ताई, ॲपवर का खरे?" आणि आमची कुपनं एका स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर वीस-वीस रुपयांना विकली जात होती. ते आम्हाला तीन आठवड्यांनी कळलं.

सहीची गोष्ट अशीच. संशोधनात भाग घेणाऱ्याची लेखी संमती घ्यायची असते. आमच्याकडे एका महिन्यात अकरा राहुल आले. मी हसले, पण त्यांची भीती उगाच नव्हती. २००१ साली लखनौमध्ये एचआयव्ही प्रतिबंधाचं काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनाच समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७खाली पकडून महिनाभराहून जास्त तुरुंगात ठेवलं होतं. त्यांच्याकडे सापडलेलं प्रचाराचं साहित्य हाच पुरावा. त्याच कलमावरच्या दिल्ली उच्च न्यायालयातल्या खटल्यात एकाच सरकारची दोन प्रतिज्ञापत्रं होती. गृह खातं म्हणत होतं कलम हवं, आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, नॅको, म्हणत होती की याच्यामुळे लोक लपतात आणि आम्ही त्यांच्यापर्यंत पोचत नाही. २००९मध्ये उच्च न्यायालयाने दिलासा दिला, २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो काढून घेतला, ६ सप्टेंबर २०१८ला परत दिला. त्याच महिन्यात एचआयव्ही-एड्सचा २०१७चा कायदा लागू झाला. संमतीशिवाय चाचणी नाही, संमतीशिवाय कुणाला सांगणं नाही. पण चाळीत राहणाऱ्याची भीती न्यायालयाच्या तारखेने जात नाही. आम्ही नैतिकता समितीकडून तोंडी संमतीची परवानगी घेतली. राहुल कमी झाले.

आता ज्यासाठी मी हे भाषण स्वीकारलं, ती गोष्ट. तपशील बदलले आहेत, आणि सांगायची परवानगी घेतलेली आहे.

मध्य रेल्वेच्या एका स्टेशनजवळ, घड्याळ दुरुस्तीच्या दुकानावरची खोली आम्ही भाड्याने घेतली होती. पंखा इतका खडखडायचा की रेकॉर्डिंग सुरू केलं की तो बंद करावा लागे. मे महिना. समोर पस्तिशीचा माणूस, कुरिअरच्या ऑफिसात कामाला, बायको-मुलगी गावी. प्रश्न एक्केचाळिसावा : गेल्या सहा महिन्यांत पुरुषाबरोबरच्या संबंधात कंडोम किती वेळा वापरला? नेहमी, बहुतेकदा, कधी कधी, कधीच नाही. तो म्हणाला, "नेहमी." मी 'नेहमी'वर खूण केली. फॉर्म संपला, रेकॉर्डर बंद केला, पंखा लावला. त्याने प्रवासखर्चाचे पैसे घेतले, दाराशी जाऊन एक चप्पल पायात घातली, आणि दुसरी चाचपडता चाचपडता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, खोबरेल चालतं ना त्याच्यावर?"

नाही चालत. कंडोम लॅटेक्सचा असतो, आणि खोबरेल, व्हॅसलीन, कुठलंही तेलकट काही लागलं की लॅटेक्स काही मिनिटांत कमकुवत होतो. तो फाटतो, कधी फाटल्याचं कळतही नाही. पाण्यावर आधारित जेली लागते. म्हणजे माझ्या फॉर्मवर हा माणूस शंभर टक्के सुरक्षित, आणि प्रत्यक्षात त्याच्या संरक्षणात भोक.

मी त्याला विचारलं, जेलीची पाकिटं संस्था फुकट देते, मिळाली नाहीत का? मिळाली होती. पण तो एका खोलीत आणखी तिघांबरोबर राहत होता. खोबरेलाची बाटली मोरीच्या फळीवर असतेच. ती का आहे, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही घरात कुणी कुणाला विचारत नाही. जेलीचं पाकीट खिशात सापडलं तर विचारतात. त्याने अगदी विचार करून निवड केली होती. आम्ही त्याला 'माहितीचा अभाव' या रकान्यात टाकलं असतं.

अडचण पुढे आहे. त्याने हे सांगितलं तेव्हा रेकॉर्डर बंद होता, संमती संपली होती. नियमाप्रमाणे ते माझ्या कानावर पडलेलं होतं, माझ्या अभ्यासातलं नव्हतं. मी त्याला विचारलं, हे लिहू का? तो विचारात पडला, चप्पल काढली, परत बसला. अर्धा तास बोलला. तेव्हा 'नेहमी'सुद्धा उलगडलं. अनोळखी माणसाबरोबर नेहमी. पण कळव्याला एक जण होता, चार वर्षांचा, त्याच्याबरोबर नाही. "त्याच्याशी कंडोम घातला तर त्याला वाटेल माझा विश्वास नाही." हा माणूस त्याच्या हिशोबात 'संबंधां'त येतच नव्हता. तो घरचा होता.

आम्ही एक्केचाळिसावा प्रश्न मोडून चार केले. कुणाबरोबर, ते वेगळं. कंडोमबरोबर काय लावता, ते वेगळं, आणि खाली पर्याय : खोबरेल, व्हॅसलीन, थुंकी, साबण, जेली, काही नाही. हे पर्याय वाचून लोक हसायचे आणि मग खरं सांगायचे. आधीच्या फॉर्मांवरचे 'नेहमी' मात्र तसेच कपाटात आहेत. त्यांचं काय करायचं, हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही.

हे आपल्याकडेच होतं असं समजू नका. एचआयव्ही होऊ नये म्हणून आधीच रोज घ्यायची गोळी, प्रेप, तिची मोठी चाचणी २०१०मध्ये प्रसिद्ध झाली. सहा देशांत २,४९९ जण. संसर्ग ४४ टक्क्यांनी कमी झाला. गोळी नियमित घेतो असं बहुतेकांनी सांगितलं होतं. रक्त तपासलं तर गोळीच्या गटातल्या संसर्ग न झालेल्यांपैकीही जेमतेम निम्म्यांच्या रक्तात औषध होतं. ज्यांच्या रक्तात ते सापडलं, त्यांच्यात संरक्षण ९० टक्क्यांच्या वर. गोळी चांगलीच होती. गोळीबद्दलचा प्रश्न कच्चा होता.

मुंबईत या गोळीची अडचण डबा आहे. प्लास्टिकचा पांढरा डबा, हलवला की खुळखुळतो. त्यातली औषधं एचआयव्ही झालेल्यांच्या उपचारातही असतात. आईने डब्यावरचं नाव फोनवर शोधलं की तिला काय दिसतं? मुलाला एड्स आहे. एकाने त्या गोळ्या जीवनसत्त्वाच्या बाटलीत भरून ठेवल्या, तर त्याच्या वडिलांनी त्यातल्या चार खाल्ल्या. म्हणून २०२४ साली वर्षाला दोनच इंजेक्शनं घ्यायच्या लेनाकापाविर या प्रतिबंधक औषधाचे निकाल आले, पुरुष आणि ट्रान्स सहभागींपैकी इंजेक्शन घेणाऱ्या २,१७९ जणांत दोघांना संसर्ग, तेव्हा मला आधी तो डबा आठवला. फळीवर ठेवायला काहीच नाही.

बाकीच्या आजारांबद्दल थोडक्यात, कारण वेळ होत आला. परमा, म्हणजे गनोरिया, आणि क्लॅमिडिया हे संसर्ग घशात आणि गुदमार्गात असले तर बहुतेकदा काही जाणवत नाही. आपल्या सरकारी दवाखान्यात लक्षणं बघून औषधाचं पाकीट देतात. स्राव असेल तर करड्या रंगाचं पाकीट, व्रण असेल तर पांढरं. लक्षणच नसेल तर पाकीटही नाही. आणि लक्षण असलं तर माणूस काय सांगतो? "मूळव्याध झालीय." डॉक्टर मलम देतात. तपासत नाहीत, आणि विचारत तर नाहीतच. लग्न झालंय का, एवढं विचारतात. हो म्हटलं की विषय संपला. त्याच उत्तराने बायकोही संशोधनातून बाहेर जाते. तिचा संसर्ग पुष्कळदा पहिल्यांदा सापडतो तो गरोदरपणातल्या तपासणीत. मग नवऱ्याला बोलावतात, तो मान खाली घालून सांगतो, "एकदा बाईकडे गेलो होतो," आणि कागदावर आणखी एक 'स्त्री-पुरुष संबंधातून' अशी नोंद होते. अशा नोंदींवर आपले तक्ते उभे आहेत.

या शहरात असे प्रश्न घेणारा एक माणूस फार पूर्वी होऊन गेला. रघुनाथ धोंडो कर्वे. गणिताचे प्राध्यापक. त्यांच्या मासिकात वाचक पत्रं लिहून विचारायचे, हस्तमैथुनाबद्दल, समलिंगी संबंधांबद्दल, आणि कर्वे सरळ उत्तरं द्यायचे. १९३४ साली त्या उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले. पत्रं येत राहिली, मासिक १९५३पर्यंत चाललं.

आम्ही आता फॉर्म मिटल्यावर रेकॉर्डर बंद करून पाच मिनिटं नुसते बसतो. चहा सांगतो. कुणी काही विचारलं तर आधी उत्तर देतो, मग लिहू का ते विचारतो. बरेच जण नको म्हणतात.

आता तुमचे प्रश्न. आयोजकांनी चिठ्ठ्या वाटल्या आहेत, मागच्या रांगेपर्यंत पोचल्यात ना? नाव लिहू नका. आणि ज्यांना सगळ्यांसमोर चिठ्ठी द्यायची नसेल, त्यांच्यासाठी मी कार्यक्रम संपल्यावर जिन्याजवळ, चपलांच्या तिथे उभी असेन.