ठोकळ्यावर कोरलेली बातमी

हे चित्र जरा नीट बघा. जर्मनीतलं जळणारं हॅम्बुर्ग शहर. १४ मे १८४२ला लंडनमध्ये ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ या साप्ताहिकाचा पहिला अंक निघाला, त्यातलं. चित्रकार मात्र हॅम्बुर्गला फिरकलाही नव्हता. ब्रिटिश म्युझियममधलं त्या शहराचं जुनं चित्र समोर ठेवायचं, वर धूर आणि ज्वाळा चढवायच्या, काठावर बघे उभे करायचे, की झाली बातमी! मालक हर्बर्ट इंग्रम मूळचा पेपरविक्या. चित्र असलं की अंक हातोहात खपतो, हे त्यानं गल्ल्यावर बसून हेरलं होतं.

आता या आभाळात बघा. एक पांढरी रेघ सरळ खाली उतरते. तो सांधा आहे. तेव्हा छापायचं चित्र लाकडी ठोकळ्यावर कोरत. त्याला लागायचं बॉक्सवूड: दाट, टणक, पण खोड बारीक. म्हणून मोठ्या चित्रासाठी लहान ठोकळे मागून बोल्टनं जोडत. त्यावर चित्र उलटं काढायचं, ठोकळे सुटे करायचे आणि एकेक कारागिराला वाटून टाकायचे. एकाकडे ढग, दुसऱ्याकडे गर्दी. रात्रभर कोरून सकाळी पुन्हा जोडणी. सांध्यावरच्या रेषा जुळवायचं काम मुख्य कारागिराचं. घाई झाली, की ही रेघ राहायची.

क्रिमियाच्या युद्धातून चित्रकार कॉन्स्तांतँ गीस याच साप्ताहिकाला रेखाटनं धाडत होता. पुढे फ्रेंच कवी बोदलेरनं त्याच्यावरच लिहिलं आणि आधुनिक जगण्याचा चित्रकार म्हणून त्याला गौरवलं. सलोंमधल्या, म्हणजे पॅरिसच्या सरकारमान्य प्रदर्शनातल्या, बड्या चित्रकारांना सोडून, एका बातमीदाराला!

१८६९मध्ये लंडनमध्येच ‘द ग्राफिक’ हे दुसरं सचित्र साप्ताहिक आलं. पहिल्याच अंकात चित्रकार ल्यूक फिल्ड्सनं रात्रीच्या निवाऱ्यासाठी थंडीत रांगेत उभे असलेले बेघर दाखवले. पाच वर्षांनी त्याच चित्राचं भलंमोठं तैलचित्र झालं.

लंडनमध्ये नोकरी करणारा एक डच तरुण ही चित्रं बघायला दर आठवड्याला छापखान्याच्या खिडकीपाशी जायचा. व्हिन्सेंट व्हॅन गॉग. १८८३मध्ये हेगला, खिशात पैसे नसताना, त्यानं ‘ग्राफिक’चे २१ खंड घेतले. तोवर न्यूयॉर्कच्या ‘डेली ग्राफिक’नं जाळीच्या ठिपक्यांतून फोटो छापून दाखवला होता. कोरक्यांचे दिवस भरत आले होते.

व्हिन्सेंटच्या संग्रहात फिल्ड्सचं आणखी एक चित्र होतं. कादंबरीकार डिकन्स गेला त्या वर्षीचं. त्याची अभ्यासिका, टेबल आणि मागे सरकवलेली रिकामी खुर्ची.

आणि ही व्हिन्सेंटनं रंगवलेली त्याची स्वतःची खुर्ची, १८८८ची, फ्रान्सच्या आर्लमधली. पिवळी, लाकडी, गवतानं विणलेल्या बैठकीची. बैठकीवर पाइप आणि तंबाखूची पुडी.