पेटी एकीकडे, चावी दुसरीकडे

नमस्कार मंडळी. कुकर लावला असेल तर शिट्ट्या होऊ द्या, मी काही पळून जात नाही. आज बोलायचंय गावातल्या गरिबीवर आणि पोरींवर, म्हणजे आठ मार्चला सगळे बोलतात तोच विषय, पण मी सुरुवात करणार आहे बचत गटाच्या पेटीपासून. पत्र्याची पेटी हो, कडीला कुलूप. पेटी एकीच्या घरी आणि चावी दुसरीच्या घरी. एवढं ध्यानात ठेवा, पेटी एकीकडे, चावी दुसरीकडे, पुढे लागणार आहे.

बचत गट म्हणजे काय ते तुम्हाला मी काय सांगू, तुमच्यातल्या निम्म्या जणी आत्ता हप्त्याचा विचार करत असतील. दहा ते वीस बायका, महिन्याची ठरलेली बचत, त्यातूनच एकमेकींना कर्ज, आमच्या भागात महिन्याला शेकडा दोन व्याज, आणि ते व्याजही परत आपल्याच पेटीत. नाबार्डने, म्हणजे शेतीच्या आणि खेड्यांच्या विकासाच्या राष्ट्रीय बँकेने, १९९२ मध्ये गट बँकेला जोडायला घेतले तेव्हा अख्ख्या देशात ५०० गटांचा प्रयोग होता, आपलं माविम, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळ, तर १९७५ पासूनचं, राज्याचं उमेद अभियान २०११चं. झाला इतिहास.

आता गोष्ट. मी तेव्हा लातूर-धाराशिवच्या बाजूला गटांची रजिस्टरं तपासत फिरायची. त्या भागात वय सांगताना कुणी सन सांगत नाही, भूकंपाच्या आधीचा की नंतरचा एवढंच विचारतात. किल्लारीचा भूकंप हो, ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे चार वाजत आलेले, गणपती बुडवून लोक नुकते झोपलेले. पुढे कितीतरी महिने माणसं पत्र्याच्या शेडात राहिली.

तर २००९ चा उन्हाळा, एका गावात मारुतीच्या पाराला बैठक, चौदा जणी सतरंजीवर. (सतरंजीच बरी हं. प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या की दोघी-तिघी पुढे बसतात आणि बाकीच्या मागे भाज्या निवडतात, माझं हे मत कुणालाच पटत नाही पण मी बदलणार नाही.) एका बाईने कर्ज मागितलं, पंधरा हजार, कारण विचारलं तर म्हणाली पोरीचं लग्न. पोरीची दहावीची परीक्षा नुकतीच झालेली. नवरा-बायको दरवर्षी ऊसतोडीला जाणारे, वयात आलेली पोर घरी म्हातारीपाशी ठेवून सहा महिने जायचं म्हणजे जिवाला घोर, आणि तिकडे नवरदेवाच्या घरी हिशोब वेगळा, जोडपं म्हणजे एक कोयता, मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती जोडीला देतो, एकट्या पोराला कोण विचारतं. म्हणजे दसऱ्याच्या आत लग्न उरकलं की दोन्ही घरं मोकळी. दुष्टपणा नव्हता हो कुणाचा, हिशोब होता.

सचिवबाईंनी विचारलं, वय काय? बाई काही बोलायच्या आत तिचा नवरा पाराच्या खालून ओरडला, अठरा झाली की!

गटात एक आजी होती, गावची सुईण. अंगठा उठवणारी. ती म्हणाली, "कदीची अठरा रं? पत्र्याच्या शेडात झाली की ही. नाळ म्या कापली. भूकंपानंतरची पैली दिवाळी, पणती लावावी का न्हाई म्हनून समद्या रडायलत्या आन् त्यात ही रडायलीती." मग बायकांनी बोटावर मोजलं, ९३ची दिवाळी, ९४, ९५... पंधरा भरली, सोळावं चालू. शाळेचा दाखला नको, आधार तर तेव्हा नव्हतंच.

नवरा तापला. तुमी कोन इचारणार, पोरगी माझी हाय. आजी जागची हलली नाही, म्हणाली, "पोरगी तुजी, पैका आमचा."

सांगते ना, आजही अंगावर काटा येतो. पोरगी तुझी, पैका आमचा.

ठराव झाला, कर्ज नामंजूर, अठरा भरल्याशिवाय लग्नाला पेटीतून छदाम नाही. त्याच बैठकीत त्या बाईला दोन शेळ्यांसाठी सहा हजार मंजूर, महिन्याला एकशेवीस रुपये व्याज, आणि पोरगी कॉलेजच्या दिवसांत एका सभासदाच्या घरी झोपायला राहील असंही बोलून ठेवलं, म्हणजे घोर मिटला. आणि सभासद नसताना बैठकीत ओरडल्याबद्दल त्या गड्याला दहा रुपये दंड. रजिस्टरात लिहिला, मी डोळ्यांनी पाहिला.

थांबा, संपलं नाही. रात्री हा गडी पेटी होती त्या घरी गेला, आमचे पैसे द्या, बचत माझ्या बायकोची हाय. त्या बाईने सरळ पेटी उंबऱ्यावर आणून ठेवली, न्या म्हणाली. कुलूप बघून हा म्हणतो चावी? चावी आजीच्या कनवटीला, आणि आजी दुसऱ्या वस्तीवर बाळंतपणाला गेलेली! कळलं का, पेटी एकीकडे, चावी दुसरीकडे कशासाठी.

आणि हे मला फार उशिरा कळलं. बैठकीला येताना ती आई वाटेत अध्यक्षबाईंच्या दारात थांबली होती. म्हणाली होती, "घरच्यांनी मागायला धाडलंय, म्या मागते. तुमी देऊ नका."

पोरगी कलेक्टर-बिलेक्टर झाली नाही, बारावी झाली, एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं, डीजे लावून झालं. (डीजेला कर्ज काढणाऱ्यांवर मी एकदा वेगळं बोलणार आहे, पंधरा मिनिटं लागतील.) मी तिला विचारलं, तेव्हा तुला काय वाटत होतं गं? म्हणाली, ताई, मला लग्नापेक्षा गणिताच्या निकालाचं टेन्शन होतं.

आता वेळ थोडा राहिला, निर्मात्यांनी बोट दाखवलंय. २०१९ ते २१ च्या केंद्राच्या आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी जवळपास २२ टक्के जणींची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. शंभरात बावीस, परत सांगते, शंभरात बावीस. कायदा २००६चा आहे, ग्रामसेवक, आता त्याला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, हाच गावातला बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतो, फोन करायचा तर १०९८, एक शून्य नऊ आठ, पैसे पडत नाहीत. पण फोन होतो तेव्हा बहुतेक वेळा मांडव पडलेला असतो आणि स्वयंपाक शिजलेला असतो, त्याच्या आधीची जी दोन-तीन महिन्यांची वेळ असते, पैसे गोळा करायची, ती फक्त गटाला दिसते.

त्याच भूकंपाच्या भागात घरदुरुस्तीच्या कामात बायका गावोगाव पुढे आल्या, प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग संस्थेने त्यांनाच धरून पुढे गट बांधले, मग एक एकर शेतीचं काम आलं, म्हणजे नवऱ्याकडून एकच एकर मागायचं आणि त्यात सोयाबीन नाही, घरात खायचं पिकवायचं, डाळी, भाज्या, ज्वारी. २०१६ मध्ये संस्थेला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. एकरावर खरं तर सबंध भाषण हवं, पण मी आजीवरच रमले, दरवेळी असंच होतं.

मागच्या वर्षी त्या गावावरून जाणं झालं म्हणून मुद्दाम रजिस्टर काढायला लावलं. गट चालू आहे, आजी आता नाही, चावी तिच्या सुनेकडे. तो दहा रुपयांचा दंड काही गड्याने भरलेला नाही, दर मार्चला सचिवबाई नव्या पानावर ओढून आणतात, त्याचं पूर्ण नाव आणि पुढे, येणे बाकी दहा रुपये.