खाऱ्या पाण्यात उतरणारे ब्रेक

१ जून ते ३१ जुलै हा मासेमारीबंदीचा काळ सरून नारळी पौर्णिमा झाली, की मुंबईच्या किनाऱ्यावर पुन्हा लगबग सुरू होते. याच सुमारास ताडपत्रीखाली पावसाळा काढलेल्या स्पीडबोटीही ट्रेलरवरून धक्क्याकडे निघतात. इंजिनाची तपासणी झालेली असते, रंगाचा हातही फिरलेला असतो; परंतु ज्या ट्रेलरवर होडी उभी आहे, त्याच्या ब्रेककडे तीन-चार महिन्यांत कोणी पाहिलेलेच नसते.

हा ब्रेक चालकाच्या पायाशी जोडलेला नाही. गाडी मंदावली की मागून येणारा ट्रेलर तिच्यावर रेटला जातो, त्या रेट्याने जोडणीतील सरकता भाग मागे जातो, मास्टर सिलिंडरमधील ब्रेक ऑइलवर दाब येतो आणि तो दाब नळ्यांवाटे चाकांपर्यंत पोहोचून ड्रममधील शूज, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या कमानी, फाकवतो. उतारावर ट्रेलर मागे नेतानाही असाच रेटा बसतो, म्हणून त्या वेळी ब्रेक लागू नयेत अशी सोय असावी लागते.

असे ब्रेक झिजून कमी आणि उभ्या उभ्या अधिक बिघडतात. चाके पाण्यात बुडाली की ड्रममध्ये मीठ शिरते, स्प्रिंगा गंजतात आणि शूज फाकवणाऱ्या व्हील सिलिंडरचा पिस्टन जागीच अडकतो. दुसरीकडे, ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ३ प्रतीचे कोरडे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, मात्र ३.७ टक्के पाणी मुरल्यावर ही मर्यादा १४० अंशांवर येते, आणि मुंबईच्या पावसाळी हवेत ओलाव्याला तोटा नाही.

दुरुस्तीत क्रमाला महत्त्व आहे. शूज सैल असतील तर जोडणी फार सरकते आणि नळीत हवा शिरल्याचा भास होतो. म्हणून आधी शूज सेट करावेत आणि मगच हवा काढावी. ट्रेलर जॅकने उचलून भक्कम स्टँडवर टेकवावा. ड्रममागच्या पत्र्यातील रबरी बूच काढले, की आत शूज घट्ट-सैल करणारे दातेरी चाक लागते. ट्रेलरचे चाक पुढच्याच दिशेने फिरवत ते दातेरी चाक घट्ट करत जावे आणि चाक अडले की काही दाते मागे सोडावेत, म्हणजे शूजवरचे लायनर ड्रमला जेमतेम घासल्याचा आवाज येतो. मागच्या दिशेने फिरवून केलेले सेटिंग अनेक ट्रेलरांत फसवे ठरते, कारण मागे जाताना शूज सैल पडावेत अशीच त्यांची रचना असते.

हवा काढण्यास दोन माणसे लागतात. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करावा, हवा बाहेर सोडणाऱ्या निपलला लावलेल्या नळीचे टोक बाटलीतील ताज्या ऑइलमध्ये बुडवून ठेवावे आणि मास्टर सिलिंडरवरची ऑइलची टाकी रिकामी होऊ देऊ नये, नाहीतर सगळे काम पुन्हा करावे लागते. बाहेर आलेले ऑइल कितीही स्वच्छ दिसले तरी परत ओतू नये. इंजिन ऑइल तर चुकूनही वापरू नये. त्याने सिलिंडरमधील रबर फुगते.

होडी पाण्यात सोडल्यावर ड्रम गोड्या पाण्याने धुवावेत. पाणीकपातीच्या दिवसांत हे जिवावर येते, हे खरे. पण बाहेरून बादली ओतल्याने शूजपर्यंत काहीच पोहोचत नाही, धार मागच्या पत्र्यातील फटीतून आतच जावी लागते.

यानंतर मोकळ्या रस्त्यावर सावकाश एक फेरी मारावी आणि थांबल्यावर प्रत्येक ड्रमजवळ हात नेऊन ऊब ताडून पाहावी. एकच ड्रम तापला असेल, तर त्या चाकाचे शूज अतिघट्ट आहेत किंवा पिस्टन परतत नाही. ते चाक पुन्हा उघडावे.