संशय कळवला, मग पुढे काय?

श्रोतेहो, नमस्कार.

विमान कंपनीच्या कर्मचाऱ्याला काही संशयास्पद वाटलं, त्यानं ते कळवलं आणि चौकशीत काहीच निघालं नाही. ज्याची चौकशी झाली, तो कर्मचाऱ्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावू शकतो का? अमेरिकेत नोव्हेंबर २००१ च्या विमानसुरक्षा कायद्यानं इथे संरक्षण दिलं आहे. खबर मात्र पोलीस, सरकारी यंत्रणा किंवा विमानतळाचा वा कंपनीचा सुरक्षा अधिकारी यांच्याकडे गेलेली हवी. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकलेला संशय या कवचात येत नाही. खोटं आहे हे ठाऊक असून, किंवा खरंखोटं न पाहता बेफिकीरपणे कळवलं, तरीही कवच गळून पडतं.

याचा कस लागला एअर विस्कॉन्सिन या विमान कंपनीच्या खटल्यात. डिसेंबर २००४ मध्ये त्यांचा एक वैमानिक सिम्युलेटरवरच्या चाचणीत चिडून निघून गेला. त्याला कॉकपिटमध्ये पिस्तूल बाळगायचा सरकारी परवाना होता. कंपनीनं यंत्रणेला कळवलं, की त्याच्याकडे शस्त्र असू शकतं, त्याच्या मानसिक स्थैर्याची काळजी वाटते आणि त्याला आजच काढलंय. खरं तर तो अजून नोकरीत होता. तो प्रवासी म्हणून बसलेलं विमान परत फिरवून त्याला उतरवलं. कोलोरॅडोच्या ज्यूरीनं भरपाई त्याच्या पदरात टाकली, पण २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल फिरवला. शब्दांत थोडं इकडंतिकडं झालं म्हणून कवच जात नाही. त्या चुकीमुळे सुरक्षा अधिकाऱ्याचा निर्णय बदलला असता का, ते पाहायचं. नियमावर नऊही न्यायमूर्तींचं एकमत होतं, पण मानसिक स्थैर्याबद्दलचं विधान तिघांना खटकलं.

खटकणारच! ‘तो वेडसर आहे’ हा निष्कर्ष झाला. ‘तो ओरडला आणि चाचणी अर्धवट सोडून गेला’ ही पाहिलेली गोष्ट. फोनवर आधी पाहिलेलं सांगा, वेळ आणि जागा सांगा. ऐकीव असेल तर ‘ऐकलंय’ म्हणा.

आता नोकरीचं. वरचं कवच दाव्यापुरतं आहे. कंपनीनंच कामावरून काढलं तर ते उपयोगी पडत नाही. कंपनीनं सुरक्षेचे नियम मोडल्याची तक्रार केली म्हणून नोकरी गेली असेल, तर २००० सालचा वेगळा कायदा आहे. त्याखाली श्रम खात्याच्या ‘ओशा’ कार्यालयाकडे ९० दिवसांत तक्रार करावी लागते. सुरक्षेबद्दलची ती मूळ तक्रार हे काढण्यामागचं एक कारण होतं एवढं दिसलं, की उरलेला भार कंपनीवर: तक्रार नसती तरी काढलंच असतं, हे तिनं ठोस पुराव्यानं दाखवायचं. अनेकांची गफलत होते ती दिवस मोजण्यात. कामाचा शेवटचा दिवस धरू नका; काढणार असल्याचं तुम्हाला कळवलं, त्या दिवसापासून मुदत चालू होते.