रात्री तीनचं रीडिंग

नमस्कार श्रोतेहो.

ऑफिसात विजेचं बिल आलं की ते कुठे जातं, जरा आठवून बघा. ते जातं अकाउंट्सच्या टेबलावर. तिथे दोनच गोष्टी बघितल्या जातात, रक्कम आणि शेवटची तारीख. लवकर भरलं तर थोडी सूट मिळते, म्हणून ते वेळेत भरलं जातं, पंच करून फाइलला लागतं आणि महिनाभर कोणी त्याचं तोंड बघत नाही. ज्यांच्या हातात इमारतीची बटणं असतात, म्हणजे इलेक्ट्रिशियन, एसी प्लांटचा ऑपरेटर, रात्रीचे वॉचमन, त्यांनी तर ते बिल कधी पाहिलेलंच नसतं. पैसे एका मजल्यावर भरले जातात आणि वीज दुसऱ्या मजल्यावर जळते. या दोघांची गाठ घालून देण्याबद्दल आज मला तुमच्याशी बोलायचं आहे.

मी इमारतींचं ऊर्जा परीक्षण करतो. काही वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका चार मजली ऑफिस इमारतीतून बोलावणं आलं. व्यवस्थापक मला थेट गच्चीवर घेऊन गेले आणि एसीसाठी पाणी गार करणाऱ्या दोन चिलरपैकी एकाकडे बोट दाखवून म्हणाले, "साहेब, हा बदलायचाय. बिल फार येतंय. किती टनांचा नवा घेऊ तेवढं सांगा." चिलर जुना होता, हे खरं. पण मी म्हटलं, आधी मला मागच्या 12 महिन्यांची बिलं द्या. ती गोळा करायला त्यांना चार दिवस लागले.

बारा बिलं एका कागदावर उतरवली की पहिल्याच तासात बरंच कळतं. एक खबरदारी मात्र घ्यायची. महिन्याच्या युनिटांना बिलाच्या दिवसांनी भागायचं. एक बिल 29 दिवसांचं असतं, दुसरं 33 दिवसांचं, आणि आपण उगाच म्हणत बसतो की या महिन्यात वापर वाढला. मग वर्षाच्या एकूण युनिटांना इमारतीच्या क्षेत्रफळानं भागायचं. समजा 30,000 चौरस फुटांची इमारत आहे, म्हणजे साधारण 2,787 चौरस मीटर, आणि वर्षाला 4,18,000 युनिट जातात. भागाकार येतो 150. वर्षाला दर चौरस मीटरमागे 150 युनिट. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोनं 2009 पासून ऑफिस इमारतींना तारांकन द्यायला सुरुवात केली, ती याच आकड्यावर. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरानं तर 2020 पासून मोठ्या इमारतींना त्यांच्या ऊर्जावापराची श्रेणी, ए, बी, सी, डी, प्रवेशदारावर लावायला लावली आहे. आत शिरणाऱ्या प्रत्येकाला ती दिसते. आपल्याकडे निदान लिफ्टशेजारच्या फलकावर तरी हा आकडा लिहायला काय हरकत आहे, असं मला मनापासून वाटतं.

आता बिलातल्या त्या भागाकडे वळू, जिथे सगळ्यात जास्त लोक फसतात. उच्चदाब जोडणीच्या, म्हणजे जास्त व्होल्टेजवर वीज घेणाऱ्या मोठ्या ग्राहकांच्या, बिलात तुम्ही फक्त युनिटांचे पैसे भरत नाही. करार मागणी नावाचा एक आकडा असतो. "मला एका वेळी इतके केव्हीए लागतील, तेवढी तयारी ठेवा," असं तुम्ही वीज कंपनीला दिलेलं ते वचन आहे. केव्हीए म्हणजे एका वेळी ओढल्या जाणाऱ्या विजेच्या भाराचं माप. वचन दिलं म्हणजे त्यातला ठरावीक हिस्सा, वापरा की वापरू नका, दर महिन्याला भरावाच लागतो. बिलात दोन आकडे शोधा. एक, मीटरनं प्रत्यक्ष नोंदलेली कमाल मागणी. दोन, जिच्यावर पैसे लावले ती मागणी. दुसरा आकडा महिनोन्‌महिने पहिल्यापेक्षा मोठा दिसत असेल, तर न वापरलेल्या विजेच्या तयारीचे पैसे तुम्ही भरताय.

आमच्या या इमारतीत नेमकं तेच चाललं होतं. करार झाला तेव्हा प्रत्येक खोलीत जुन्या ट्यूबलाइट होत्या, टेबलाटेबलावर मोठे मॉनिटर होते, आणि एका भाडेकरूची भलीमोठी सर्व्हर रूम होती. पुढे एलईडी दिवे आले, मॉनिटर जाऊन लॅपटॉप आले, तो भाडेकरूही गेला. करार तेवढा तसाच राहिला. अर्ज करून तो उतरवून घेता येतो, हे तिथे कोणालाच माहीत नव्हतं.

पण थांबा, लगेच अर्ज लिहायला घेऊ नका. डिसेंबरचं बिल बघून करार उतरवला आणि एप्रिलच्या उन्हात मागणी वर गेली, तर कराराच्या वरच्या प्रत्येक केव्हीएला दीडपट दर लागतो. ही चूक मी स्वतः सुरुवातीच्या काळात एका दवाखान्याच्या बाबतीत केली आहे. हाताशी सहाच महिन्यांची बिलं होती आणि तीही पावसाळ्या-हिवाळ्याची. मे महिन्यात त्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला तेव्हा मान खाली घालून ऐकून घ्यावं लागलं. तेव्हापासून बारा महिने पाहिल्याशिवाय मी कराराला हात लावत नाही.

ही कमाल मागणी तयार कशी होते, तेही समजून घ्या. अनेकांना वाटतं की मोटर सुरू होताना जो झटका बसतो त्यानं ती वाढते. तसं नाही. मीटर अर्ध्या तासाची, काही मीटर पाव तासाची, सरासरी घेत राहतो आणि महिन्यातली सगळ्यात मोठी सरासरी लक्षात ठेवतो. मोटरचा झटका काही सेकंदांचा, तो त्या सरासरीत विरून जातो. खरी गडबड वेगळीच असते. पुण्यात दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज बंद ठेवतात, हे पुणेकरांना सांगायला नको. एप्रिलमधल्या अशाच एका गुरुवारी दुपारी वीज परत आली तेव्हा आमची इमारत पार तापलेली होती. सगळे मजले एकदम सुरू झाले, दोन्ही चिलर पूर्ण ताकदीनं तासभर पळाले, पाण्याचे पंपही त्याच वेळी लागले. तो एक तास त्या वर्षाचा उच्चांक ठरला. बाकी वर्षभर इमारत त्याच्या जवळपासही गेली नव्हती. वीज आल्यावर एकेक मजला वीस-वीस मिनिटांच्या अंतरानं सुरू करायचा, पंप शेवटी लावायचे, एवढा एक कागद ऑपरेटरच्या खोलीत चिकटवल्यावर पुढच्या उन्हाळ्यात तो उच्चांक दिसला नाही.

आणखी एक गोष्ट पटकन सांगतो. महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांना 1 एप्रिल 2020 पासून केव्हीएएचवर, म्हणजे प्रत्यक्ष कामी आलेल्या विजेवर नव्हे तर ओढलेल्या एकूण विजेवर, बिल येतं. ओढलेल्यातला जितका हिस्सा कामी येतो, तो पॉवर फॅक्टर. तो 0.90 असेल तर 1,000 युनिटांच्या कामासाठी 1,111 युनिटांचे पैसे. 0.99 असेल तर 1,010. म्हणून पॉवर फॅक्टर सुधारणारं कॅपॅसिटर पॅनल चालू स्थितीत हवं. पण ते रात्रंदिवस तसंच जोडून ठेवणंही महागात पडतं. रात्री इमारत रिकामी असताना कॅपॅसिटर गरजेपेक्षा जास्त होतात आणि पॉवर फॅक्टर उलट्या बाजूला जातो, आणि मीटर दोन्ही बाजूंचा हिशेब धरतो. दिवसाचं रात्री वळतं होत नाही. पॅनल आपोआप कमी-जास्त होणारं हवं, आणि ते खरंच होतंय की नाही हे महिन्यातून एकदा रात्री जाऊन बघायला हवं.

शाळा, रुग्णालयं, ग्रंथालयं चालवणाऱ्या श्रोत्यांना एक विनंती. बिलावर तुमचा ग्राहक वर्ग कोणता छापलाय, तो आज घरी जाण्याआधी बघा. तुमच्यासाठी 'सार्वजनिक सेवा' असा वेगळा वर्ग आहे. व्यापारी वर्गात बिल येत असेल तर लगेच चौकशी करा. इथे एकही दिवा बंद न करता पैसे वाचू शकतात.

आता येतो माझ्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे. महिन्याचं बिल म्हणजे तीस दिवसांची एकच बेरीज. त्या बेरजेत ऑफिसचे तास, रविवार, सुट्ट्या, रात्री, सगळं एकत्र कालवलेलं असतं. चिलरला दोष द्यायचा की आणखी कोणाला, हे त्या बेरजेतून कळत नाही. त्यासाठी तास वेगळे करायला हवेत. उच्चदाब मीटरच्या पोटात दर पाव किंवा अर्ध्या तासाची नोंद साठलेली असते, तिला लोड सर्व्हे म्हणतात. ती वीज कंपनीकडून मागून घेता येते. पण ती येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. वही आणि पेन पुरतं.

आमच्या इमारतीत रात्रपाळीला एक वॉचमन काका होते. मी त्यांना म्हटलं, काका, रात्री 10 ला आणि सकाळी 6 ला मीटर रूममध्ये जायचं आणि आकडा वहीत लिहायचा. काकांनी लहान मुलांची दुरेघी वही आणली आणि पट्टीनं रकाने आखले. आठवड्यानं मी वही उघडली. रोजचा फरक 8, कधी साडेसात, कधी आठ. व्यवस्थापक म्हणाले, "रात्रभरात आठच युनिट? मग ठीकच आहे की." ते ठीक नव्हतं. बिलावर गुणक अवयव नावाचा एक आकडा छापलेला असतो, तो इथे 20 होता. रीडिंगमधला फरक त्यानं गुणायचा. आठ गुणिले वीस म्हणजे 160 युनिट. आठ तासांत 160, म्हणजे एकही माणूस नसलेल्या इमारतीत तासाला 20 युनिट. वर्षभराचा गुणाकार केला तर 58,400 युनिट. युनिटला सरासरी 10 रुपये धरले तरी 5,84,000 रुपये, आणि यात रविवारी दिवसा जळणारी वीज अजून धरलेलीच नाही.

व्यवस्थापकांनी तो गुणाकार मोबाइलवर पुन्हा एकदा करून पाहिला. मग म्हणाले, "कधी बघू या?" आम्ही रविवारी पहाटे तीन वाजता भेटलो. व्यवस्थापक, इलेक्ट्रिशियन, काका आणि मी, हातात एक टॉर्च आणि तारेभोवती अडकवून प्रवाह मोजणारा एक क्लॅम्प मीटर.

रात्री तीनला इमारत बोलते, श्रोतेहो. दिवसा माणसांच्या आवाजात जे ऐकू येत नाही ते सगळं तेव्हा ऐकू येतं. तळघरात हवा खेळती ठेवणारे मोठे पंखे फिरत होते, खाली एकही गाडी नव्हती. चारही मजल्यांवर स्वच्छतागृहांचे एक्झॉस्ट चालू. प्रत्येक पँट्रीत पाणी गार करणारं एक यंत्र आणि गरम करणारं दुसरं, शेजारी शेजारी. मग जिन्यातून पाण्याचा आवाज आला. दुसऱ्या मजल्यावर एक फ्लश अखंड गळत होता. तेवढ्यासाठी गच्चीवरची टाकी रिकामी होत होती आणि तळघरातला पंप थोड्या थोड्या वेळानं सुरू होत होता. पाण्याचं बिल कोणी विजेच्या बिलाशेजारी ठेवून पाहिलं असतं तर ती गळती कितीतरी आधी सापडली असती.

सगळ्यात मोठं घबाड तिसऱ्या मजल्यावर होतं. तिथल्या एएचयूच्या, म्हणजे एसीची हवा खेळवणाऱ्या यंत्राच्या, खोलीचं दार उघडलं तर वाऱ्यानं ते हातातून सुटलं. आतला मोठा ब्लोअर पूर्ण वेगानं चालू होता. पॅनलवर तीन खुणांचं एक बटण होतं: ऑटो, बंद, मॅन्युअल. ते मॅन्युअलवर होतं आणि त्यावर पिवळा पडलेला कागद चिकटपट्टीनं चिकटवलेला: "कृपया हात लावू नये." तो कोणी लावला, कधी लावला, कोणालाच सांगता येईना. शेवटी इलेक्ट्रिशियनला आठवलं. दोन दिवाळ्यांपूर्वी तिसऱ्या मजल्यावरची मंडळी काही काम संपवायला रात्री उशिरापर्यंत थांबत होती, तेव्हा टायमरनं हवा बंद होऊ नये म्हणून ते बटण फिरवलं होतं. काम संपलं, माणसं गेली, कागद राहिला. टायमर शेजारी टिकटिक करत होता, पण त्याचं ऐकणारं कोणी नव्हतं.

मला त्या इलेक्ट्रिशियनचा जराही राग आला नाही. त्याला कोणी कधी आकडा दाखवलाच नव्हता. हात लावू नये म्हटलं, त्यानं लावला नाही. ज्याच्या हाती बटण त्याच्या हाती आकडा दिला नाही, तर आणखी काय होणार?

बटण ऑटोवर आणलं. एक्झॉस्ट आणि पँट्रीला साधे टायमर लावले. तळघराचे पंखे गाड्यांच्या वेळेला बांधले. फ्लश दुसऱ्याच दिवशी प्लंबरनं दुरुस्त केला. सर्व्हर, लिफ्ट आणि जिन्यातले दिवे यांना हात लावायचा नव्हता, लावलाही नाही. चिलरची खरेदी पुढे ढकलली. तो कधीतरी बदलावा लागेलच, पण आता किती टनांचा लागेल हे सांगायला आमच्याकडे आकडे आहेत, आणि तो पहिल्या अंदाजापेक्षा लहान लागेल, हे नक्की.

यापुढे हे तासांचं गणित आणखी महत्त्वाचं होणार आहे. केंद्र सरकारनं 2023 मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली. सूर्यप्रकाशाच्या तासांत वीज नेहमीच्या दरापेक्षा स्वस्त असावी आणि मागणीच्या ऐन वेळेत व्यापारी ग्राहकांना ती किमान 1.20 पट असावी, असं त्यात आहे. रात्रीची वीज स्वस्त म्हणून पंप रात्री चालवायचे, ही आपली जुनी सवय पुन्हा तपासावी लागेल. तुमच्या बिलावर झोनचे, म्हणजे वेगवेगळ्या दरांचे, तास छापलेले असतात, ते बघा आणि मग पंप, गीझर, चार्जिंग यांच्या वेळा ठरवा.

त्या रविवारनंतरच्या मंगळवारी सकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी माझा फोन वाजला. काका होते. "साहेब, आज तीनच," म्हणाले. तीन गुणिले वीस, 60 युनिट. मी त्यांना ते 160 च्या शेजारी मोठ्या अक्षरात लिहायला सांगितलं. बुधवारी पुन्हा फोन आला. "आज चार झालेत. पहाटेच वर जाऊन बघून आलो, चौथ्या मजल्याच्या पँट्रीचा टायमर कोणीतरी काढून ठेवलाय. मी परत लावलाय. उद्या तीन येतील बघा."