फॉलिकलच्या पाण्यातली रात्र

अमळनेरला महिलांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग

म्हशीपासून सुरुवात करते, कारण इथं बसलेल्या निम्म्या जणींच्या दारात म्हैस आहे. उन्हाळ्यात ती लवकर माजावर येत नाही, आली तरी मुका माज, कळत नाही. दसरा-दिवाळी आली, रात्री मोठ्या झाल्या की बरोबर येते. तिला तारीख कोण सांगतं? मेंदूच्या मधोमध पिनिअल नावाची बारीकशी ग्रंथी असते. अंधार पडला की ती मेलॅटोनिन नावाचं रसायन रक्तात सोडते. रात्र जेवढी लांब, तेवढा वेळ ते सुटत राहतं, आणि म्हशीचं शरीर त्यावरून ऋतू ओळखतं. घोडीचं नेमकं उलटं, ती दिवस मोठे झाले की माजावर येते. बाईमाणसाला असा हंगाम नाही. पण ग्रंथी आपल्यालाही आहे. आपली तर तांदळाच्या दाण्याएवढी.

हे रसायन 1958 मध्ये येल विद्यापीठातल्या आरन लर्नर यांनी गुरांच्या ग्रंथींतून वेगळं काढलं. ते कातडीचे डॉक्टर. बेडकाची कातडी यानं फिकी पडते, म्हणून त्यांना त्यात रस. मग ते आमच्या खात्यात कसं आलं?

टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात आम्ही स्त्रीबीज काढतो, तेव्हा सुईनं अंडाशयातल्या फॉलिकलमधलं पाणी ओढून घेतो. फॉलिकल म्हणजे बीज ज्यात वाढतं ती पिशवी. पाणी नळीत येतं ते फिक्या पिवळ्या रंगाचं, कधी रक्ताची लाल रेघ असलेलं. नळी हातात कोमट लागते. त्यातलं बीज मायक्रोस्कोपखाली शोधून उचलायचं आणि उरलेलं पाणी टाकून द्यायचं, एवढंच आम्हाला शिकवलेलं. त्या टाकायच्या पाण्यात 1987 मध्ये संशोधकांनी मेलॅटोनिन मोजलं, तर ते त्याच बाईच्या रक्तापेक्षा जास्त निघालं. रक्तापेक्षा जास्त, म्हणजे अंडाशय ते ओढून साठवतं, आणि थोडं स्वतःही बनवतं.

कशासाठी? बीज सुटतं तेव्हा फॉलिकलची भिंत फुटावी लागते. ती प्रक्रिया गळू फुटण्यासारखीच असते, सूज आणि दाह दोन्ही. त्यात फ्री रॅडिकल्स नावाचे तापट रेणू तयार होतात. भिंत फोडायला ते थोडे लागतातच, जास्त झाले तर मात्र आतल्या बीजालाच इजा करतात. मेलॅटोनिन त्यांना निकामी करतं. बीज सुटल्यावर उरलेली पिशवी प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गर्भ टिकवणारं संप्रेरक, बनवते, त्या पेशींनाही ते सांभाळतं. चुलीवर दूध उतू जाऊ नये म्हणून वर झारा आडवा ठेवतो ना, तसं. जाळ विझवत नाही, उतू जाऊ देत नाही.

आता गोळीचं बोलू. जपानमध्ये ज्यांची बीजं आधीच्या वेळी नीट फलित झाली नव्हती, अशा बायकांना रोज रात्री 3 मिलिग्रॅम मेलॅटोनिन दिलं, तर फलनाचं प्रमाण सुधारलं. त्यावरून बाजारात गोळ्या धावायला लागल्या. पण 2018 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या 160 बायकांवरच्या प्रयोगात वेगवेगळ्या मात्रा आणि नुसती खोटी गोळी अशी तुलना केली, तर गर्भ राहण्यात फरक दिसला नाही. माझ्याकडे बायका व्हॉट्सॲपवरून वाचून गोळी सुरू करूनच येतात. मी ती बंद करते, निदान तपासण्या होईपर्यंत. फार मोठ्या मात्रेत हेच मेलॅटोनिन बीज सुटणं अडवू शकतं, म्हणून कधीकाळी गर्भनिरोधक म्हणूनही ते तपासलं गेलं. आणि केळी? आपल्या रावेर-यावलची केळी खा खुशाल, त्यात मेलॅटोनिनचा कच्चा माल असतो. पण डझनभर केळ्यांनी अंडाशय तरुण होत नाही.

भुसावळकडच्या एक नर्सताई आल्या होत्या, कायम रात्रपाळी. म्हणाल्या, "माले दिवसा झोपच येत नही." घरात सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं की मूल नाही ते रात्रपाळीमुळे. रात्री काम करणाऱ्या बायकांमध्ये मासिक पाळी अनियमित असणं जास्त दिसतं, हे खरं. म्हणून त्यांना खिडकीला जाड पडदा आणि दिवसा फोन बंद, एवढं सांगितलं. कारण दिव्याचा, विशेषतः निळसर उजेड डोळ्यांवर आला की ग्रंथीचं काम थांबतं. पण आधी नवऱ्याला तपासणीला बोलावलं. दोष त्यांच्या वीर्यात निघाला. रात्रपाळी निर्दोष सुटली, आणि घरात त्यानंतर कोणी काही बोललं नाही. मला ते गप्प राहणं फार आवडलं नाही, पण असो.

शेताची लाईट रात्रीची असते, पाणी द्यायला नवरा-बायको दोघं जातात, ते मी टाळा म्हणणार नाही, टाळता येतही नाही. मात्र परत आल्यावर अर्धा तास अंथरुणात मोबाईल बघायचा, ते टाळता येतं.

एका ताईंची चिठ्ठी आली आहे: कानबाईच्या सणाला रात्रभर जागायचं, ते चालेल का? चालेल हो. एका रात्रीनं काही बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी विसर्जन झालं की रोट खा आणि अंधार करून झोपा.