आत्याबाईच्या मिशा आणि मरुतचं इंजिन

मंडळी, जर-तर करणाऱ्याचं तोंड बंद करायला आपल्याकडे एक म्हण तयारच असते. आत्याबाईला मिशा असत्या तर! पुढचं कुणी बोलतही नाही, सगळे हसतात आणि विषय संपतो. आज मी त्या मिशांबद्दलच बोलणार आहे, आणि त्यांना तेल कुठून आणायचं याबद्दलही.

पानिपतात विश्वासरावांना गोळी लागली नसती तर, हा खेळ आपण शाळेपासून खेळतो. जगभरात असाच खेळ युद्धनौका आणि लढाऊ विमानांवर खेळणारी हौशी मंडळी आहेत. त्यांचा आवडता काळ साधारण १९३५ ते १९६५. त्या तीस वर्षांत जितकं पाण्यात उतरलं आणि हवेत उडालं, त्याच्या कितीतरी पट नुसतं कागदावर राहिलं. ते नकाशे आज उपलब्ध आहेत. चिलखत किती इंची, तोफा किती, टाक्यांत तेल किती, सगळं. हौशी माणसाला आणखी काय हवं?

खेळाचा नियम सोपा आहे. इतिहासात एकच बदल करायचा. त्याला मी फाटा म्हणतो. फाट्यापुढे मात्र हिशेब. आमच्यातले बरेच जण फाटा मोठ्या उत्साहानं फोडतात आणि हिशेबाची वेळ आली की चहा प्यायला उठतात.

जर्मनीची ‘ग्राफ झेपेलिन’ घ्या. ही विमानवाहू नौका १९३८च्या डिसेंबरात कील बंदरात पाण्यात उतरली आणि कधीच पुरी झाली नाही. आमच्या खेळात ती दर आठवड्याला पुरी होते आणि अटलांटिकमध्ये धुमाकूळ घालते. तिच्यावरची विमानं गोरिंगच्या हवाई दलानं नौदलाला सुखासुखी दिली असती का, तेल कुणाच्या वाट्याचं घेणार, तिच्या पोलादापायी किती पाणबुड्या कमी करणार, असं विचारलं की शांतता. ही नौका मला कंटाळवाणी वाटते, तेव्हा पुढे जाऊ.

आपल्या जुन्या विक्रांत या विमानवाहू नौकेची गोष्ट जास्त मजेची आहे, कारण ती स्वतःच एका फाट्यातून जन्मली. १९४३ साली इंग्लंडात टाइन नदीकाठी ‘हर्क्युलिस’ नावाच्या नौकेची बांधणी सुरू झाली. सप्टेंबर १९४५मध्ये ती पाण्यात उतरली, आणि त्याच महिन्यात जपाननं शरणागतीवर सह्या केल्या. पुढच्या वर्षी काम थांबलं. दहा वर्षं अर्धवट पडून राहिल्यावर १९५७ साली भारतानं ती विकत घेतली. अर्धवट होती, म्हणूनच बेलफास्टला ती पुरी करताना जेट विमानांसाठी तिरकी धावपट्टी आणि विमानाला वेगानं पुढे फेकणारा वाफेचा कॅटापल्ट बसवता आला. ४ मार्च १९६१ रोजी ती विक्रांत म्हणून नौदलात आली. आता उलटा फाटा फोडा. युद्ध आणखी वर्षभर चाललं असतं, तर हर्क्युलिस सरळ धावपट्टीसह पुरी होऊन ब्रिटिश नौदलात गेली असती, आणि आपल्याला मिळालीच असती तर वापरून झिजलेली. तिचीच एक बहीण ‘लेव्हायथन’, तीही अशीच अर्धवट राहिली. तिला गिऱ्हाईक मिळालं नाही आणि १९६८ साली ती भंगारात गेली.

१९६५च्या युद्धात विक्रांत मुंबईच्या गोदीत होती. ती बाहेर असती तर, असं लोक हळहळून विचारतात. पण त्या वेळी सरकारनं नौदलाला पोरबंदरच्या उत्तरेला जायलाच मनाई केली होती. तेव्हा फाटा फोडायचाच असेल तर तो गोदीत फोडून उपयोग नाही, दिल्लीत फोडावा लागेल. (विक्रांतचं काही पोलाद पुढे बजाजच्या मोटरसायकलीच्या टाकीत गेलं. हे कुणी कल्पनेनं लिहिलं असतं तर आम्हीच त्याला हसलो असतो.)

आता मरुत, म्हणजे आपल्याकडे आखलेलं आणि बनवलेलं लढाऊ जेट विमान. माझं खरं प्रेम इथे आहे.

१९५६ साली कुर्ट टांक बंगळूरला आले. महायुद्धात फॉके-वुल्फ १९० हे लढाऊ विमान घडवणारे, नंतर अर्जेंटिनात पुल्की-२ हे जेट उडवणारे. हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्यांनी आपल्या अभियंत्यांना घेऊन एचएफ-२४, म्हणजेच मरुत, आखलं. पूर्ण आकाराचं लाकडी ग्लायडर करून १९५९ साली ते उडवून पाहिलं, आणि १७ जून १९६१ रोजी सुरंजन दास यांनी खरं विमान उडवलं. त्या विमानाचा घाट बघा! निमुळतं नाक, कंबरेत बारीक, मागे झुकलेले पंख. ध्वनीच्या दुप्पट वेगासाठी आखलेलं.

इंजिन मात्र आलं नाही. टांक यांनी धरलं होतं ते ब्रिस्टलचं ऑर्फियस बीओआर १२, आफ्टरबर्नरसह (झोतात आणखी इंधन जाळून रेटा वाढवणारी जोडणी) ८,१७० पौंड रेट्याचं. मिळालं ते ऑर्फियस ७०३, नॅट विमानासाठी आपण बंगळूरला बनवत असलेल्या ऑर्फियसचंच भावंडं, रेटा ४,८५०. अशी दोन. म्हणजे शर्यतीच्या घोड्याला निम्मा खुराक.

इथे नेहमीचा फाटा असा: इंजिनाच्या विकासासाठी ब्रिटिश कंपनीनं मागितलेले तीसेक लाख पौंड दिल्लीनं दिले असते तर मरुत रशियन मिग-२१च्या तोडीचं झालं असतं. हे मी पंचवीस वर्षं ऐकतोय आणि मला ते पटत नाही. ज्या युरोपीय गिऱ्हाइकांच्या भरवशावर ते इंजिन सुरू झालं, ती पाठ फिरवून गेली होती. १९५७ साली ब्रिटननं आता वैमानिकांची लढाऊ विमानं कमी आणि क्षेपणास्त्रं जास्त असं धोरण जाहीर केलं, तेव्हाच त्या बाजारातली हवा गेली. एकट्या भारतानं ते इंजिन पोसायचं म्हणजे विकासाचे पैसे दिल्यावर सुटे भाग, दुरुस्ती, पुढच्या सुधारणा, सगळं आपल्याच खिशातून.

माझा फाटा कैरोजवळ फुटतो. इजिप्तमध्ये हेलवानला ऑस्ट्रियाचे फर्डिनांड ब्रांडनर ई-३०० नावाचं इंजिन करत होते. त्यासाठी आपण एक मरुत तिकडे पाठवलं, आणि मार्च १९६७मध्ये ते एका बाजूला ऑर्फियस आणि दुसऱ्या बाजूला ई-३०० लावून उडालं. दोन गरीब देश आणि एक इंजिन, खर्च वाटून. जूनमध्ये इस्रायलशी युद्ध झालं, इजिप्तचं हवाई दल जमिनीवरच उद्ध्वस्त झालं, आणि १९६९पर्यंत सगळं गुंडाळलं गेलं. बंगळूरला ऑर्फियसलाच आफ्टरबर्नर जोडायचे प्रयत्न चालू होते. जानेवारी १९७०मध्ये तशाच एका विमानाच्या अपघातात सुरंजन दास गेले.

बनली एकूण १४७ विमानं. १९७१ साली राजस्थानच्या आघाडीवर जमिनीवरच्या लक्ष्यांवर त्यांनी चोख काम केलं, आणि एक इंजिन निकामी झालेली विमानं दुसऱ्यावर परत आली. दोन लहान इंजिनांचा हा फायदा आमच्या खेळात कुणी मोजत नाही.

आता बिल. समजा ई-३०० जमलं, मरुत ध्वनीच्या दुप्पट वेगानं उडालं. मग १९६२ साली करार केलेल्या मिगचं काय? मरुत यशस्वी होताना दिसलं असतं तर मिगचा पसारा इतका वाढला असता का? मिगची जुळणी होणार होती नाशिकजवळ ओझरला, इंजिनं ओरिसात कोरापूटला. मरुतच्या शेपटीत मोठं इंजिन बसवलंत, की निदान माझ्या हिशेबात ओझरचा कारखाना नकाशावर खूपच लहान होतो, कदाचित पुसलाच जातो. द्राक्षांच्या मळ्यांशेजारची ती वसाहत, तिथली शाळा, शिफ्टच्या बसगाड्या, सगळं.

हेच मी एकदा नाशिकला बोललो. मागच्या रांगेतून एक गृहस्थ उठले, पासष्टीचे असतील. म्हणाले, “सर, इंजिनाचं राहू द्या. माझं लग्न ओझरच्या कॉलनीत जमलंय.”

बायको शेजारीच बसली होती. ती म्हणाली, “नाही नाही, सर, तुम्ही बोला.”